हळदीला आंबट कळत नाही

फाल्गुन लागला की आमच्या गावात आधी नाक जागं होतं, मग डोळे. मी उठले की मागचं दार उघडते आणि तिथंच उभी राहून वास घेते. हळद शिजत असली की तो वास येतोच. ओलसर, मातकट, जरासा कडसर. वसमत तालुक्यात जन्मलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. पण मी त्या वासाखाली दुसरा एक वास हुडकत असते, जळक्या रबराचा. तो आला नाही की चहा ठेवते. यंदा अजून आलेला नाही. तरी माझं मन भरत नाही, म्हणून गच्चीवर चढून धुराचा रंग बघते, आणि पांढुरका दिसला की खाली उतरते. नवरा म्हणतो, "तू मास्तरीण हाईस का फौजदार?" मला स्वतःलाच ते नक्की माहीत नाही.

परवा दुपारी आभाळ अचानक भरून आलं. अवकाळीचं आभाळ ओळखू येतं, त्याला घाई फार असते. सगळं गाव ताडपत्र्या घेऊन शेताकडं पळालं. शिजवून वाळत घातलेली हळद भिजली की तिला डाग पडतात, आणि डागी हळदीकडं बाजारात कुणी ढुंकून बघत नाही. त्या पळापळीत मी एकटीच हातात स्टीलच्या वाट्या घेऊन निघाले होते. एक शाळेच्या भिंतीवर, एक ओढ्याच्या काठाला, एक हळद शिजवायच्या कुकरच्या शेडजवळ. वाटेत एका म्हातारबानं विचारलं, "बाई, पावसाची बी परीक्षा घेता व्हय?" म्हटलं, घेते, आणि नापासही करते. आता गावाला माझ्या या उद्योगाची सवय झाली आहे. पण ज्या हंगामात हा उद्योग सुरू झाला, त्या हंगामात पाऊस नापास झाला नव्हता, मी झाले होते. तेही भर पारावर.

मी मूळची भाषा शिकवणारी. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञानाचे गुरुजी बदलून गेले, जागा भरली गेली नाही, आणि सातवीचं विज्ञान माझ्या गळ्यात पडलं. मी ते रात्री वाचून सकाळी शिकवत होते, एक धडा पोरींच्या पुढं. माणसानं अशा वेळी जरा दबून राहावं. माझा स्वभाव तो नाही. अर्धं वाचलेलं मी पुऱ्या आवाजात सांगते. आमच्या घरात सगळ्यांना हा आवाज आहे. त्या आवाजानंच सगळा घोटाळा केला.

पूर्वी हळद मोठाल्या कढईत शिजायची, वर हळदीचाच पाला झाकलेला. माझ्या लहानपणी कढईभोवती दिवसभर माणसं असायची आणि आम्ही पोरी शिजलेल्या हळकुंडात काडी खुपसून बघायचो, सहज आत गेली की झालं. आता कुकर आले. खाली भट्टी, तिच्यावर पाण्याची टाकी, टाकीतली वाफ नळीनं पिंपांत जाते आणि पिंपातली हळद बघता बघता शिजते. आमच्या गावचा कुकर शेषरावांचा. ओढ्याच्या अलीकडं पत्र्याची शेड आहे, तिथं सगळ्या गावाचे ट्रॅक्टर रांग लावतात. शेषराव वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगते. शाळेचं कुंपण त्यांनीच करून दिलं, आणि कुणाच्या मयतीला पहिला माणूस तेच असतात.

भट्टीला जळण लागतं. पूर्वी कापसाची वाळकी पऱ्हाटी लागायची, तुरीच्या काड्या, बाभळीची लाकडं. अलीकडं लोक पऱ्हाटीची यंत्रानं रानातच कुट्टी करतात, त्यामुळं जळणाची ओढ पडते. त्या हंगामात शेषरावांना एक वाट सापडली. वारंगा फाट्यावर ट्रकांची वर्दळ, पंक्चरची दुकानं, आणि दुकानांच्या मागं झिजलेल्या टायरांचे ढीग. टेम्पो भरभरून ते टायर गावात आले. टायर धडाधडा जळतो, पाणी लवकर उकळतं, रांग लवकर सरकते. रांगेत उभ्या असलेल्या कुणालाच तक्रार नव्हती. धूर मात्र काळा ठिक्कर निघायचा. वारा शाळेकडं असला की खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या आणि फळ्यावर लिहिता लिहिता माझा घसा खवखवायचा.

भट्टीवर कांताबाई होती. माझ्याच गल्लीतली, भिंतीला भिंत लागून राहणारी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. नवरा गेल्यावर तिनं दोन पोरी स्वतःच्या हातांवर वाढवल्या. टायर कापून त्याचे तुकडे करायचे, ढिगापासून भट्टीपर्यंत वाहायचे आणि तोंडातून आत सारायचे, हे तिचं काम. माघापर्यंत ती माझ्याबरोबर पाण्याला यायची ती डोक्यावर हंडा घेऊन चढ चढताना गप्पा मारत. फाल्गुनात ती चढाच्या मध्यावर थांबायला लागली. हंडा उतरवायची, कठड्याला टेकायची, छातीवर हात ठेवायची आणि माझ्याकडं बघून हसायची, जणू थांबायचं तिच्या मनातच होतं. वसमतच्या डॉक्टरनं तिला सांगितलं, धुरात जाऊ नका, नाही तर हा दमा कायमचा घर करील. ती म्हणाली, "डाक्टरसाहेब, धूर सोडून मी जाऊ कुठं? धुरालाच सांगा की जरा."

आणि तिनं खरंच धुराला सांगायचं ठरवलं. ती शेषरावांकडं गेली. म्हणाली, "दादा, मी काम सोडत न्हाई. पर टायर बंद करा. पऱ्हाटीच्या धुरात मी बारा वर्सं काढली, मला काही झालं न्हाई. ह्या धुरानं माझा दम कोंडून राहिला." शेषराव म्हणाले, "बघू."

त्याच आठवड्यात पहिला अवकाळी झाला. दुसऱ्या दिवशी मेथीच्या पानांवर ठिपके दिसले, एकाच्या नव्या पत्र्यावर ओघळ दिसले, आणि कुणीतरी मोबाइलवर काहीबाही बघून गावभर केलं की तेजाबाचा पाऊस पडला. तेजाब म्हणजे ॲसिड, हे आमच्याकडं लेकरालाही कळतं. संडास धुवायची बाटली सगळ्यांनी बघितलेली. पारावर गर्दी झाली. शेषराव तिथंच होते. ते चिडले नाहीत. ते म्हणाले, "हे बगा, मॅडमला तपासू द्या. पावसात तेजाब निघालं तर टायर बंद. न्हाई निघालं तर मंग कुणी मला तकलीफ द्यायची न्हाई. बराबर हाय का?" सगळे म्हणाले, बराबर. कांताबाई गर्दीच्या कडेला उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा मोकळा झाला. तिला वाटलं, आता झालं काम.

मी काय केलं ते अजून सांगवत नाही. पण सांगते. पुस्तकात वाचलं होतं की हळद हा दर्शक आहे, रंग बदलून ओळख पटवतो. एवढं वाचून मी पान उलटलं होतं. आणि वाचायची गरज तरी काय होती? आमच्याकडं कुठल्या बाईला माहीत नाही की पातळावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो? हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, हेही ऐकलेलं. हळद रंग बदलते. हळद खोटं बोलत नाही. हळदीच्या गावात हळदीची साक्ष काढायची नाही तर कुणाची काढायची? मी कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवल्या, आदल्या दिवशीचं पावसाचं पाणी एका घमेल्यात राहिलं होतं ते आणलं, आणि पाराच्या कट्ट्यावर सगळ्यांसमोर पट्टी बुडवली. पट्टी पिवळी ती पिवळीच. खात्री म्हणून दुसरी साबणाच्या पाण्यात बुडवली, ती लाल झाली. लोकांनी माना डोलावल्या. मी पुऱ्या आवाजात सांगितलं, "पाऊस स्वच्छ आहे. तेजाब नाही."

लोक पांगले. कांताबाई वळली आणि शेडकडं निघाली, कारण भट्टीवर तिची पाळी होती.

मला त्या क्षणी खूप बरं वाटलं होतं, हे आज आठवलं की अंगाला काटा येतो. गावानं माझा शब्द झेलला होता. पुढचे बारा-तेरा दिवस शेषराव भेटेल त्याला सांगत होते, "मॅडमनी सर्टिफिकेट देलं." टेम्पोच्या दोन फेऱ्या वाढल्या. शिकल्यासवरल्या माणसाची चूक न शिकलेल्याच्या चुकीपेक्षा जास्त चालते, तिला कुणी अडवत नाही.

आणि मग ते लोणचं. कांताबाई एका दुपारी शाळेत आली, डब्यात लिंबाचं लोणचं घेऊन. धाकटीच्या दाखल्यासाठी सही हवी होती, आणि रिकाम्या हातानं यायची तिची रीत नाही. मधली सुट्टी होती. आम्ही व्हरांड्यात बसलो. ती दोन शब्द बोलायची, थांबायची, पुन्हा दोन बोलायची. मी लोणच्याची फोड भाकरीवर घेतली. ती माझ्याकडं बघत होती, फोडीकडं बघत होती. मग म्हणाली, "बाई, एक विचारू का? रागावणार न्हाई ना?"

"विचारा की."

"तेजाब म्हंजे आंबटच की. लिंबावानी."

"हो. लिंबू सौम्य, तेजाब जहाल. पण जात तीच."

"मंग ह्या लोणच्यात हळद हाय. मूठभर घातली म्या. लिंबाच्या रसात बुडून राहिली, दोन महिने झाले. ती काहून पिवळी हाय?"

भाकरीचा घास माझ्या हातातच राहिला. जन्मभर मी लिंबाचं लोणचं खाल्लं होतं. आंब्याचं घातलं होतं. ताकाच्या कढीत हळद टाकली होती. दररोज, प्रत्येक स्वयंपाकघरात, हळद आंबटाशेजारी पिवळीधमक बसलेली असते आणि मला ते दिसलं नव्हतं. हळद साबणाला ओळखते, चुन्याला ओळखते, राखेच्या पाण्याला ओळखते. आंबट तिला कळतच नाही. साध्या पाण्यात पिवळी, तेजाबातही पिवळी. जिला आंबट दिसत नाही तिला मी आंबटाची साक्ष विचारली होती, आणि तिच्या मौनाचा अर्थ मी काढला होता.

मी कांताबाईला तिथंच सांगितलं, "माझं चुकलं. तुमच्यावर मी अन्याय केला." ती म्हणाली, "तुमी मुद्दाम थोडंच केलं? पर आता काय करायचं ते बोला." मला रडू येत होतं आणि तिला माझं रडू बघायला सवड नव्हती.

त्या संध्याकाळी मी पुस्तकाचं ते पान शेवटपर्यंत वाचलं. त्यात दुसऱ्याच ओळीत सगळं लिहिलं होतं. मग नांदेडच्या कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला फोन लावला. तिनं आधी मला पोटभर हसून घेतलं, मग समजावलं. टायरचं रबर टणक व्हावं म्हणून त्यात गंधक घालतात. टायर जळला की ते गंधक वायू होऊन धुरातून वर जातं, ढगातल्या, पावसातल्या पाण्यात मुरतं आणि त्याचं तेजाब होतं. मोठ्या कारखान्यांच्या धुराड्यांतून, गाड्यांच्या नळकांड्यांतून निघणाऱ्या वायूंचंही असंच होतं. ते वाऱ्यावर कितीतरी लांब जातात, एका गावचा धूर दुसऱ्या गावच्या पावसात उतरतो. चांगला पाऊससुद्धा किंचित आंबट असतोच, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळं, त्याला कुणी घाबरू नये. आणि तिनं आणखी एक सांगितलं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आपल्याकडं उन्हाळ्यात रानातली धूळ उडते, त्या मातीत चुनखडी असते. ती धूळ हवेतला आंबटपणा खाऊन टाकते. म्हणजे पाऊस चांगला निघाला म्हणून धूर चांगला ठरत नाही. पावसाला धूळ वाचवते. माणसाच्या छातीला कोण वाचवणार?

मी ठरवलं, जिथं खोटं बोलले तिथंच खरं बोलायचं. पण नुसतं माझं चुकलं म्हणून भागणार नव्हतं. लोक म्हणाले असते, तेव्हा एक बोलत होती, आता एक बोलती. मला दुसरा साक्षीदार हवा होता. मैत्रिणीनं जास्वंद सुचवली. बुद्धविहाराच्या अंगणात तांबडी जास्वंद भरघोस फुलायची. सातवीच्या पोरींनी फुलं आणली, आम्ही ती उकळली, कागद बुडवून सावलीत वाळवले. जांभळट पट्ट्या झाल्या. लिंबू टाकलं की गुलाबी, साबण टाकला की हिरवट. साधं पाणी टाकलं की जशाच्या तशा. या वेळी मी लिंबू आधी टाकून बघितलं. पोरी चारचारदा बघत होत्या, मी आठआठदा.

मग पावसाची वाट. हळद वाळत घातलेल्या गावात अवकाळीची वाट बघणारी मी एकटीच होते, आणि त्याची मला लाज वाटायची. पण कांताबाईचा श्वास मी रोज ऐकत होते. नळावर, चढावर, भिंतीपलीकडं. तो ऐकला की लाज मागं पडायची. माणूस एवढा हट्टी कधी होतो, तर स्वतःच्या चुकीचं ओझं दुसऱ्याला वाहताना दिसतं तेव्हा.

पाऊस एका मंगळवारी दुपारी आला, भट्टी चालू असताना. मी तीन स्वच्छ वाट्या ठेवल्या. एक शाळेत, एक गावाबाहेर पार लांबच्या मळ्यात, एक शेडच्या ज्या अंगाला धूर जात होता तिथं, टायरांच्या ढिगाजवळ. भट्टीच्या तोंडाशी ठेवली असती तर राख पडून रंग उलटा आला असता. त्यात मी पुन्हा फसणार नव्हते.

पट्ट्यांचं सांगण्याआधी आजचं सांगून टाकते. कांताबाई आता भट्टीवर नसते, वाळलेली हळद वेचायला सावलीत बसते. तरी तिचा श्वास पुरता परत आला नाही. थंडीत तिला अजून दम्याचा पंप ओढावा लागतो आणि नळाचा चढ ती दोनदा थांबून चढते. मी आता तिच्यासाठी थांबत नाही, तिच्याबरोबर थांबते. शेजारच्या गावांत अजून कुठंकुठं काळा धूर दिसतो. तिथल्या शाळांत मी पट्ट्या घेऊन गेले. दोन ठिकाणी बाहेरच्या बाहेर कटवलं, एका ठिकाणी चहा देऊन कटवलं. पुन्हा जाणार आहे. नोकरीची चार वर्षं उरलीत, आणि जास्वंदीला वर्षभर फुलं येतात.

तर त्या मंगळवारच्या पावसानंतरची बुधवारची सकाळ. पारावर मी तीन वाट्या मांडल्या. आधी सांगितलं, "मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. हळदीला आंबट कळत नाही, हे मला माहीत नव्हतं. कांताबाईंनी दाखवून दिलं." कुणीतरी मागं हसलं. हसू दे म्हटलं. लिंबू पिळून पट्टी गुलाबी करून दाखवली, मग पहिली पट्टी शाळेच्या वाटीत बुडवली. काही फरक नाही. दुसरी मळ्याच्या वाटीत. काही फरक नाही. तिसरी शेडजवळच्या वाटीत बुडवली. कडेपासून रंग चढत गेला, आणि पट्टी गुलाबी झाली. पुढच्या माणसांनी ती मागच्यांना दिली, मागच्यांनी उजेडात धरून बघितली.

शेषरावांनीही बघितली. बराच वेळ. माणूस प्रामाणिक, दिसतं ते नाकारलं नाही. पण त्यांनी वाट काढली. "म्हंजे मॅडम, शाळेत न्हाई. मळ्यात न्हाई. नुसतं शेडपाशी हाय." मी हो म्हणाले. तेव्हा ते लोकांकडं वळले. "मंग गावाला तर काही धोका न्हाई की. गावातला पाऊस चांगलाच हाय."

लोकांच्या माना डोलायला लागल्या. त्याच माना, त्याच डोलण्यानं. माझं डोकं सणकलं, मी तोंड उघडलं, धूळ आणि चुनखडी सगळं सांगायला. पण त्याआधी कांताबाई कडेवरून पुढं आली. पाच-सहा पावलं होती, तेवढ्यात तिला दम लागला. तिनं श्वास जुळू दिला. सगळा पार तो श्वास ऐकत होता.

"दादा," ती म्हणाली, "शेडपाशी मी असते. मला गावात धरत न्हाई का तुमी?"

शेषरावांच्या हातात ती पट्टी तशीच होती. त्यांनी खाली बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासून पऱ्हाटी आणतो, कांताबाई."

"उद्यापासून काहून?" ती म्हणाली. "भट्टीत टायर आत्ता जळून राहिले."

आणि ती शेडकडं चालायला लागली. मी वाट्या तिथंच सोडल्या आणि तिच्या मागं निघाले. ओढ्याच्या वळणावर ती दम घ्यायला थांबली तेव्हा मी वळून बघितलं. शेषराव येत होते, आणि त्यांच्या मागं पारावरची सगळी माणसं.